डोंगरातल्या लांब पल्ल्याच्या धावेसाठी बूट: आधी वाट, मग पाय, शेवटी बूट

पन्नास, शंभर किंवा त्याहून जास्त किलोमीटरची डोंगरातली धाव ठरली की बहुतेक जण सगळ्यात आधी बूट शोधायला लागतात. कुणा अनुभवी मित्राच्या पायातले, विजेत्याच्या फोटोत दिसलेले, सगळीकडे वाखाणलेले. ते पायाला बसतात का, हे त्यानंतर बघितलं जातं, आणि वाट कशी आहे याचा विचार धावेच्या आठवड्यात सुरू होतो. हा क्रम पूर्ण उलटा आहे.

चुकीचा बूट पहिल्या वीस किलोमीटरमध्ये क्वचितच त्रास देतो, म्हणून तो बरोबर आहे असं वाटत राहतं. त्रास सुरू होतो तो पाय सुजल्यावर, मोजे भिजल्यावर आणि उतार संपता संपत नाही तेव्हा. त्या वेळी बदलायला हाताशी काही नसतं. मांड्यांत ताकद आहे, दमही शिल्लक आहे, आणि केवळ तळव्यावरच्या फोडामुळे थांबावं लागलं, हे फार जिव्हारी लागतं. म्हणूनच खालचे टप्पे दिलेल्या क्रमाने करा. धावेच्या आधी दहा-बारा आठवडे हातात ठेवून सुरुवात करा. नवा बूट पायाला जुळतो की नाही हे कळायला आणि नाही जुळला तर दुसरा घ्यायला एवढा वेळ लागतोच.

## टप्पा १: वाट कागदावर उतरवा

मार्गाचा नकाशा आणि चढ-उताराचा आलेख समोर घ्या. अंतर बघून बूट निवडू नका, पायाखाली काय येणार आहे ते बघून निवडा. दोन धावांचं अंतर सारखं असलं तरी त्यांना लागणारे बूट अगदी वेगळे असू शकतात.

तीन प्रसिद्ध आव्हानं घ्या. आल्प्समधली यूटीएमबी (अल्ट्रा-ट्रेल द्यू माँ ब्लाँ) ही धाव माँ ब्लाँ शिखराच्या भोवती सुमारे १७० किलोमीटर फिरते. एकूण चढ सुमारे १०,००० मीटर आणि वेळेची मर्यादा साडेशेचाळीस तास. बऱ्याच धावपटूंना दोन रात्री डोंगरात काढाव्या लागतात, त्यामुळे तिथे तळव्यांना तासन्‌तास मिळणारा आधार मोलाचा. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स सुमारे १६१ किलोमीटरची. तिच्यात चढापेक्षा उतार जास्त आहे, दऱ्यांमध्ये भाजून काढणारं ऊन असतं आणि वाटेत नदी ओलांडावी लागते. तिथे बोटांना पुढे मोकळी जागा हवी आणि बुटातलं पाणी झटपट बाहेर पडायला हवं. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या बॉब ग्रॅहम राउंडमध्ये २४ तासांत ४२ शिखरं करायची असतात. तिथे उभं ओलं गवत, दलदल आणि सुटे दगड आलटून पालटून येतात. तिथे जाड आणि उंच बुटापेक्षा घट्ट बसणारा, खोल खाचांच्या सोलचा बूट जास्त कामाचा. तिन्हींसाठी एकच ‘सर्वोत्तम’ बूट असूच शकत नाही.

आता तुमच्या वाटेचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहा: जमीन कशी आहे (घट्ट माती, सुटे दगडगोटे, सलग खडक, चिखल, गवत, डांबर), चढ की उतार, ओलं की कोरडं, आणि तुम्हाला तिथे किती *तास* लागतील. तासांचा आकडा सर्वांत महत्त्वाचा. जंगलातल्या रुंद रस्त्याचे पंधरा किलोमीटर दोन तासांत संपतात. खडकाळ उताराचे आठ किलोमीटर तेवढाच वेळ खातात, आणि पायांचे हाल मात्र कितीतरी जास्त करतात.

कागद भरला की दोन खुणा करा. जिथे सर्वांत जास्त तास जाणार तो तुकडा, आणि जिथे घसरून पडलात तर खरी इजा होईल तो तुकडा. पहिल्यावरून बुटाची जाडी आणि आराम ठरवा, दुसऱ्यावरून पकड. या दोन गोष्टी एकाच तुकड्यावरून ठरवल्या की निवड एका बाजूला कलते.

तपासणी: मागच्या वर्षांचे फोटो मिळाले तर चेहरे सोडा, पायाखालची जमीन बघा. आयोजकांच्या वर्णनातला ‘डोंगरी रस्ता’ फोटोत पुष्कळदा चक्क दगडांची रास निघतो.

## टप्पा २: पाय मोजा, नंबर बाजूला ठेवा

‘माझा नंबर नऊ’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. युरोपीय मापात एका नंबरचा फरक सुमारे ६.७ मिमी असतो, ब्रिटिश आणि अमेरिकन मापात सुमारे ८.५ मिमी, म्हणजे अर्धा नंबर चार मिलिमीटरच्या थोडा वर. त्यातही प्रत्येक कंपनीचा साचा वेगळा. म्हणून आधी पाय मिलिमीटरमध्ये मोजा.

1. मोजमाप संध्याकाळी करा, जमलं तर लांब धावून आल्यावर. दिवसभरात पाय फुगतो, आणि तुम्हाला तोच पाय बुटात घालायचा आहे.
2. धावताना घालता तेच मोजे घाला.
3. भिंतीला टेकवून जमिनीवर कागद ठेवा. टाच भिंतीला लावून उभे राहा आणि त्या पायावर पूर्ण वजन द्या. बसून मोजलेला पाय आखूड आणि अरुंद भरतो.
4. पेन्सिल अगदी उभी धरून सर्वांत लांब बोटापुढे खूण करा. ते बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं.
5. चवड्याच्या सर्वांत रुंद जागी दोन्ही बाजूंना खुणा करा.
6. दुसऱ्या पायाचंही तसंच माप घ्या. दोन्ही पाय हुबेहूब सारखे क्वचितच असतात. बूट मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचा.

लांबीत १० ते १२ मिमी मिळवा. दहा तासांहून जास्त वेळ पायांवर राहणार असाल किंवा तुमचे पाय सुजतात हे माहीत असेल, तर १५ मिमीपर्यंत चालेल. त्यापुढे गेलात तर पाय आत सरकू लागतो आणि जिथे दुखणं नव्हतं तिथे नवं सुरू होतं.

रुंदीचा प्रश्न लांबीहून मोठा आहे, आणि लोक सर्वांत जास्त फसतात ते इथेच. अरुंद बूट चावतो म्हणून एक नंबर मोठा घेतात. त्याने लांबी वाढते, पण चवड्याजवळची रुंदी जेमतेम वाढते. वर टाच सैल होते ती वेगळीच. रुंद पायाला रुंद साच्याचा बूटच लागतो. पुष्कळ कंपन्या एकाच बुटाची रुंद आवृत्ती काढतात, आणि आल्ट्रासारख्या काहींचा साचाच पुढे पायाच्या आकाराप्रमाणे पसरट असतो.

सावधान: गेल्या काही वर्षांत पाय मोजला नसेल तर जुन्या नंबरवर विसंबू नका. वयाबरोबर पाय थोडा पसरतो, आणि धावणाऱ्यांमध्ये हे सर्रास दिसतं.

## टप्पा ३: जुन्या बुटांची झीज वाचा

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण नवीन बूट बघायला जाण्याआधीच उरका. जुने बूट टेबलावर ठेवून मागून बघा: टाच एका बाजूला कलली आहे का? मग सोल बघा. टाचेची बाहेरची कड थोडी झिजणं सामान्य आहे. आतली कड खूप झिजली असेल, तर मऊ आणि डगमगणारा बूट तुमच्यासाठी नाही. आतलं इनसोल (पायाखालची सुटी गादी) बाहेर काढा. बोटांचे ठसे त्याच्या पुढच्या कडेपर्यंत पोचले असतील तर तो बूट आखूड होता, तुम्हाला पटो वा न पटो. वरच्या जाळीला करंगळीजवळ भोक पडलं असेल तर तो अरुंद होता.

या निरीक्षणांच्या दोन ओळी टप्पा १ च्याच कागदावर लिहून ठेवा.

## टप्पा ४: बुटाचे गुण ठरवा, नाव नंतर

आता कागद पूर्ण झाला आहे. त्यावरून बुटात काय हवं ते ठरवा. पुढच्या गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने मांडल्या आहेत. रंग आणि वजनाने भुलून हा क्रम मोडू नका.

पकड. सोलखालच्या उंचवट्यांना लग म्हणतात. कोरड्या, घट्ट वाटेला ३ ते ४ मिमी खोल लग पुरतात. मिश्र वाटेला ४ ते ५ मिमी. चिखल आणि ओल्या गवताला ६ मिमी किंवा जास्त. पण नुसती खोली बघून भागत नाही. चिखलासाठी लग एकमेकांपासून लांब हवेत, नाहीतर मधे माती भरून सोल सपाट होतो. ओल्या खडकावर तर खोल, विरळ लग उलट घात करतात, कारण खडकाला टेकणारं रबरच कमी असतं. तिथे मऊ, चिकट रबर लागतं. असं रबर लवकर झिजतं, हे धरूनच चाला. उताराच्या धावेसाठी आणखी एक गोष्ट बघा: टाचेखालच्या लगचं तोंड पुढच्या लगच्या उलट दिशेला आहे का. ब्रेक लागतो तो त्यानेच.

जाडी. पायाखाली फोमचा थर २० ते २५ मिमी असेल तर जमीन कळते आणि पाऊल स्थिर पडतं. थर ३० मिमीच्या पुढे असेल तर तळवे कितीतरी उशिरा थकतात, पण पाय मुरगळण्याचा धोका वाढतो, कारण घोटा जमिनीपासून उंच जातो. जाड बूट घ्यायचाच असेल तर तो खालून रुंद आहे ना, ते बघा. उंच आणि अरुंद हा जोड डोंगरात टाळाच. थंडीचाही विचार करा: नेहमीचा ईव्हीए फोम गोठणबिंदूच्या आसपास जाणवण्याइतका कडक होतो. खोलीत मऊ वाटलेला बूट पहाटेच्या खिंडीत तसाच राहणार नाही.

ड्रॉप. म्हणजे टाच आणि चवडा यांच्या उंचीतला फरक, शून्यापासून १२ मिमीपर्यंत. ड्रॉप कमी असेल तर भार पोटरी आणि टाचेमागच्या शिरेवर जातो, जास्त असेल तर गुडघ्याकडे. यात चांगलं-वाईट काही नाही. सवयीचा प्रश्न आहे. सध्याच्या बुटापेक्षा ४ मिमीहून जास्त फरक करायचा असेल तर सहा ते आठ आठवडे हळूहळू सवय करा. तेवढा वेळ नसेल तर फरक करूच नका. मोठ्या चढांच्या धावेत पोटऱ्या आधीच पिळून निघतात, त्यात पहिल्यांदाच शून्य ड्रॉपचा बूट घालणं मला सरळसरळ धोक्याचं वाटतं.

रॉक प्लेट. चवड्याखाली बसवलेला कडक, पातळ थर, बहुधा प्लास्टिकचा. पातळ सोल आणि टोकदार दगड असतील तर तो हवाच. फोम जाड असेल तर बहुधा गरज पडत नाही. कार्बन प्लेट ही वेगळी गोष्ट: ती वेगासाठी असते आणि बूट ताठ करते. ओबडधोबड जमिनीवर पावलाला वळायला वाव हवा, म्हणून पहिल्या लांब डोंगरी धावेसाठी ती घेऊ नका.

वरचं कापड आणि पाणी. बोटांपुढे कडक रबराची पट्टी हवी. थकल्यावर पाय उचलला जात नाही आणि दगडाला ठेच लागतेच. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली असेल तर खडे आत कमी जातात. वॉटरप्रूफ पडद्याचा मोह मात्र बहुतेकांनी आवरावा. घोट्याएवढ्या पाण्यात पाय पडला की पाणी वरून आत शिरतं, आणि जो पडदा पाणी आत येऊ देत नाही तोच ते बाहेरही जाऊ देत नाही. तासन्‌तास भिजलेली, मऊ पडलेली कातडी फाटायला वेळ लागत नाही. बर्फ, कडाक्याची थंडी आणि उथळ ओल असेल तर तो पडदा कामाचा. ओढे-नाले असतील तर साधी जाळी बरी.

वजन. शेवटी बघा. प्रत्येक बुटाचं वजन १०० ग्रॅमने वाढलं तर धावण्याला लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. फरक आहे, पण फोड आलेल्या पायाने लंगडत जाण्याची किंमत त्याच्या कितीतरी पट.

तपासणी: या टप्प्याच्या शेवटी तुमच्या हातात एक वाक्य असलं पाहिजे. उदाहरणार्थ: ‘लांबी २७८ मिमी, चवडा रुंद, लग ५ मिमी, मध्यम जाडी, ड्रॉप ६ ते ८, जाळीचा.’ हे वाक्य तयार नसेल तर दुकानात जाऊ नका. तिथे दुसरंच कुणीतरी ते तुमच्यासाठी तयार करेल.

## टप्पा ५: घालून बघण्याची पद्धत

संध्याकाळी जा. स्वतःचे मोजे न्या, आणि वेगळं इनसोल वापरत असाल तर तेही. वाक्यात बसणारे निदान तीन वेगवेगळे बूट घालून बघा. तुलना केल्याशिवाय पायाला फरक कळत नाही.

1. बुटातलं इनसोल काढून जमिनीवर ठेवा आणि त्यावर उभे राहा. चवडा कडेच्या बाहेर सांडत असेल तर तो बूट तिथेच बाजूला ठेवा. पायात घालायचीही गरज नाही.
2. बूट घालून टाच दोन-तीनदा जमिनीवर आपटा म्हणजे ती मागे नीट बसेल. मग लेस बांधा. हे न करता पुढची जागा मोजली तर माप खोटं येतं.
3. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा आहे का बघा. दुसऱ्या कुणाला दाबून बघायला सांगा. स्वतः वाकलात की पाय आत सरकतो.
4. बोटं वर-खाली आणि बाजूला हलवा. करंगळीला कुठेही दाब नको.
5. चालताना टाच किंचित हलली तर चालेल, उचलली जाता कामा नये.
6. आता सर्वांत महत्त्वाची परीक्षा. उतरता फळा किंवा जिना शोधा. बोटं खालच्या दिशेला ठेवून उभे राहा आणि पाय जोरात आपटा, दहा-पंधरा वेळा. बोटं एकदा जरी पुढे टेकली तरी तो बूट नको. सपाट फरशीवर निर्दोष वाटणारे कितीतरी बूट या एका परीक्षेत नापास होतात.
7. पसंत पडलेला बूट पंधरा-वीस मिनिटं पायातच ठेवा. हळूहळू जाणवणारा दाब पहिल्या दोन मिनिटांत कळत नाही.

घरपोच मागवत असाल तर लगतचे दोन नंबर मागवा, स्वच्छ फरशीवर हीच परीक्षा घ्या आणि एक परत करा.

सावधान: ‘वापरून सैल होतील’ असं कुणी म्हणालं तर एवढं लक्षात ठेवा: जाळी रुंदीत थोडी ढिली पडते, लांबी अजिबात वाढत नाही. आज टोचणारी शिवण साठाव्या किलोमीटरला जखम करते.

## टप्पा ६: मोजे आणि लेस

बूट चांगला घेतला आणि मोजे सुती घातले तर सगळी मेहनत पाण्यात. सुती मोजा घाम धरून ठेवतो आणि कातडीला घासत राहतो. मेरिनो लोकर किंवा सिंथेटिक मोजे घ्या. बोटांमध्ये फोड येत असतील तर पाच बोटांचे मोजे उपयोगी पडतात. फक्त प्रत्येक बोटाभोवती कापड वाढतं आणि चवडा रुंद होतो, म्हणून ते घालायचे असतील तर टप्पा २ चं माप त्यांच्यासकट घ्या.

लेसकडे फार थोडे जण लक्ष देतात. बुटाच्या सर्वांत वर, घोट्याजवळ, एक जादा भोक असतं. बहुतेकांचं ते कायम रिकामं असतं. उताराला टाच जागेवर ठेवण्याची सोय तेच आहे:

1. नेहमीप्रमाणे शेवटून दुसऱ्या भोकापर्यंत लेस ओवा.
2. लेसचं टोक त्याच बाजूच्या जादा भोकात ओवून पूर्ण न ओढता लहानसा फास ठेवा. दुसऱ्या बाजूलाही तसंच.
3. उजवं टोक डाव्या फासातून आणि डावं टोक उजव्या फासातून काढा.
4. दोन्ही टोकं आधी खाली, मग मागे ओढा. घोट्याभोवती पकड घट्ट झालेली लगेच जाणवते. मग गाठ मारा.

यात घट्ट फक्त वरचा भाग करायचा. खालच्या दोन-तीन ओळी सैलच ठेवा, म्हणजे सुजलेल्या चवड्याला जागा मिळेल. पायाच्या वरच्या बाजूला एकाच ठिकाणी दाब येत असेल तर तेवढ्या एका ओळीत लेस आडवी न नेता सरळ वर न्या.

लांब उतार सुरू होण्याआधी थांबून लेस आवळा, चढाला लागताना थोडी सैल करा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. उतार अर्धा संपल्यावर आठवलं तर नखांचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं.

## टप्पा ७: सरावात परीक्षा

इथे बूट नक्की होतो किंवा बाद होतो. सुरुवात ५ ते ८ किलोमीटरच्या सोप्या धावेने, मग १५ ते २०, मग लांब. धावेच्या दिवशी बुटावर साधारण ६० ते १५० किलोमीटर झालेले असावेत: पायाला ओळखीचा झालेला, पण फोम न दबलेला. ट्रेलचे (डोंगरवाटांचे) बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतात, खडकाळ वाटांवर त्याहून कमी. म्हणून निवड पक्की झाली की सगळा सराव त्याच जोडीत करू नका.

या काळात चार परीक्षा झाल्याच पाहिजेत.

*उताराची.* सलग ५०० ते ८०० मीटर खाली उतरणारी वाट शोधा. नसेल तर लहान उतार पुन्हापुन्हा करा, आणि तेही धावेच्या शेवटी, पाय थकल्यावर. ताज्या पायांनी उतरणं ही परीक्षाच नव्हे. थकलेला माणूस टाचेवर आदळत उतरतो आणि बुटाचे दोष तेव्हाच वर येतात.

*पाण्याची.* सरावाच्या मध्येच बूट-मोजे पूर्ण भिजवा आणि न बदलता निदान तासभर धावा. दहा मिनिटांनीही आत पाणी पचपचत असेल तर तुमच्या वाटेवरच्या ओढ्यांचा पुन्हा विचार करा.

*वजनाची.* धावेच्या दिवशी पाठीवर असेल तेवढं सगळं सामान घेऊन धावा. दोन-तीन किलोनेही पाऊल पडण्याची पद्धत बदलते.

*सलग दोन दिवसांची.* शनिवारी लांब आणि रविवारी परत त्याच बुटात. आदल्या दिवसाच्या सुजेवर बूट कसा वागतो हे याशिवाय कळत नाही.

प्रत्येक वेळी घरी आल्यावर पाय धुऊन उजेडात नीट बघा. जे दिसेल त्यावरून कारण ओळखता येतं:

- नख काळं पडलं: बूट आखूड, किंवा टाच सुटून पाय पुढे सरकतोय. आधी लेस बदलून बघा. तरीही होत असेल तर अर्धा नंबर वाढवा.
- टाचेच्या मागे फोड: टाच उचलली जातेय, किंवा बुटाची टाच तुमच्या टाचेपेक्षा रुंद आहे. लेसने थांबलं नाही तर साचा बदला.
- चवड्याखाली फोड किंवा आग: पाय आत घसरतोय. मोजे बदला, इनसोल गुळगुळीत झालंय का बघा.
- करंगळीच्या बाहेर फोड: अरुंद आहे. यावर उपाय नाही, बूट परत.
- बोटं बधिर: वरून लेस फार घट्ट, किंवा चवडा आवळला जातोय.
- घोट्याच्या हाडाखाली खरचटणं: बुटाची कड उंच आहे. पातळ इनसोल घातलं असेल तर नेहमीचं घालून बघा, पाय थोडा वर येतो.

सावधान: एका वेळी एकच गोष्ट बदला. मोजे, लेस आणि इनसोल तिन्ही एकदम बदलले तर आराम कशाने पडला ते कळणार नाही. त्रास वाढला तरीही नाही.

तपासणी: दोन लांब धावांनंतर एकाच जागी तोच त्रास परत आला, तर बूट कितीही महाग असो, बाद समजा. तिसऱ्या संधीने काही बदललेलं मी पाहिलेलं नाही. वाया जातात ते मोलाचे आठवडे.

## टप्पा ८: दुसरी जोडी

सात-आठ तासांच्या धावेला हा टप्पा लागू नाही, पुढे जा. रात्रभराची धाव असेल आणि वाटेतल्या थांब्यावर आधी पाठवलेली स्वतःची पिशवी मिळत असेल तर तिच्यात दुसरी जोडी ठेवा. शक्यतो तोच बूट, अर्धा नंबर मोठा. उत्तरार्धात पाय फुगलेले असतात, तेव्हा हा अर्धा नंबर फार दिलासा देतो. तीही किमान तीन-चार वेळा वापरलेली हवी. पिशवीतून कोरी करकरीत जोडी काढून ऐंशीव्या किलोमीटरला पायात घालणं, ही अगदी नेहमी दिसणारी चूक आहे.

बुटांबरोबर कोरडे मोजे, लहान टॉवेल, चिकटपट्टी, छोटी कात्री आणि एक जादा लेस ठेवा. बूट कोरडे आणि पाय ठीक असतील तर जोडी बदलू नका, मोजे बदला आणि निघा. पिशवी नदीच्या अलीकडे मिळत असेल तर बूट तिथे बदलण्यात अर्थ नाही, हेही आधीच नकाशावर बघून ठेवा.

## टप्पा ९: शेवटचे दोन आठवडे आणि धावेचा दिवस

या दोन आठवड्यांत बूट, मोजे, इनसोल यांतलं काहीही नवीन आणू नका. लेस कुठे विरली आहे का बघा आणि शंका असेल तर आत्ताच बदला. टाचेवरची जाड कातडी आठवडाभर आधी हलकी घासून घ्या, कारण जाड कातडीखाली आलेला फोड फोडताही येत नाही. नखं तीन-चार दिवस आधी सरळ कापा. आदल्या रात्री कापलेल्या नखाची धारदार कड शेजारच्या बोटात रुतते.

सुटे दगड आणि वाळू असेल तर बुटाच्या तोंडावर बसणारे गेटर घाला, मात्र सरावात वापरलेलेच.

धावताना बुटात खडा गेला तर पुढच्या थांब्याची वाट न बघता तिथेच थांबून काढा. पायाला कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटू लागलं तर ती फोडाची आधीची पायरी आहे. त्याच क्षणी कातडी पुसून कोरडी करा आणि चिकटपट्टी लावा. फोड आल्यावर तीच पट्टी निम्म्यानेही उपयोगी पडत नाही.

मोठ्या थांब्यावर पाय बघायचे असतील तर क्रम असा ठेवा: आधी पाणी आणि खाणं हाताशी घ्या, मग बसा, बूट-मोजे काढा, पाय पुसा, बोटांच्या बेचक्यांतही बघा, लागेल तिथे पट्टी लावा, कोरडे मोजे घाला. बूट परत घालण्याआधी लेस पार खालच्या भोकापर्यंत सैल करा. बूट काढला की सुजलेला पाय आणखी पसरतो आणि अर्धवट सैल केलेल्या बुटात तो जबरदस्तीने कोंबताना नुकतीच लावलेली पट्टी गुंडाळली जाते. पाय आत गेला की टाच आपटून मागे बसवा, खालच्या ओळी सैल आणि वरची घट्ट बांधा, आणि पहिली शंभर पावलं चालतच जा.